श्रीमंत सयाजीराव गायकवाड व परदेशची राज्यपद्धती

परदेशी राज्यव्यवस्था समक्ष पाहून तिच्यातील उपयुक्त भाग स्वदेशी आणावा, ह्या हेतूने जपानचे मुत्सद्दी इतो हिरोबुमी १८८२ साली बर्लिन व व्हिएन्ना येथे गेले. १८८९ साली जपानास राज्यघटना मिळाली. आपल्याकडे ह्याच जातीचा उद्योग एका मराठी संस्थानिकाने केला. त्याचे फळ काय व उणीव कोणती, हे आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात १८६३ साली जन्मलेले सयाजीराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा त्यांस लिहितावाचताही येत नव्हते. १८८१ साली राज्याधिकार मिळाला आणि १८८७ साली त्यांचा पहिला युरोपप्रवास घडला. पुढे अमेरिका व जपानही त्यांनी पाहिले. शहाणा व्यापारी वेष्टनावर भुलत नाही, आतला माल पारखतो. महाराजांची दृष्टी तशीच होती. पार्लमेंटच्या इमारतीमागे साक्षर मतदार उभा असतो, हे त्यांनी ओळखले असावे. कारण त्यांनी आरंभ शाळेपासून केला. १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नामक ग्रंथपाल आणवून गावोगाव वाचनालये पसरविली. धारासभाही स्थापिली; परंतु अखेरची सत्ता महाराजांनी आपल्याच हाती ठेविली, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही.

१९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राजधानीत त्यांस राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाई दुरूनच कागद टाकीत. राजा अनुकूल, पण शहर प्रतिकूल! अखेर त्यांनी बडोदे सोडले. तेच आंबेडकर १९४७ साली भारताच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. महाराज १९३९ सालीच निवर्तले होते.

कायदा परदेशातून आणता येतो, हुकुमाने लागूही करता येतो. शेजाऱ्यास घर भाड्याने देण्याची बुद्धी मात्र कोणत्याही जहाजातून येत नाही. ती प्रत्येक नगरवासीयाने स्वतःच्या उंबरठ्यावर उत्पन्न करावयाची असते. महाराजांनी आपला वाटा उचलला. बडोद्याच्या घरमालकांनी जो उचलला नाही, तो आपण आपल्या आळीत उचलतो काय, हे आमच्या वाचकांनीच पाहावयाचे आहे.