शांतिब्रह्म
शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस श्रीएकनाथ महाराजांनी पैठणला गोदातीरी देह ठेवला. देवगिरीचे अधिकारी जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू. तेव्हा शस्त्रबळ नाथांनी जवळून पाहिले होते. अंगावर वारंवार थुंकणाऱ्या यवनाची कथा सर्वश्रुतच आहे. आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती चरित्रकारांची दुसरी कथा.

घरच्या मंगलकार्यासाठी अडलेल्या एका ब्राह्मणास टवाळांनी दोनशे रुपये कबूल केले. अट एकच, नाथांना राग आणावा. नाथ पूजेस बसले असता तो थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. एवढ्या सलगीचा पाहुणा लाभला, म्हणून नाथ संतोषले! भोजनसमयी वाढण्यास वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर तो चढला. पाहुणा पडेल, जपावे, असे नाथांनी सुचविले. हरीला पाठीवर घेण्याची सवय असल्याने आपण त्यास पडू देणार नाही, असे त्या माउलीने सांगितले. अपमान तिच्या देहाचा होता. म्हणून तिची क्षमा आम्ही नाथांच्या क्षमेहून काकणभर सरसच मानतो.

ओशाळलेल्या ब्राह्मणाने सारी हकीकत निवेदन केली. आपणास राग आला असता तर या गरजवंताचे कार्य पार पडले असते, एवढीच नाथांना हळहळ वाटली.