रिचर्ड स्टीव्हन्स : युनिक्सचे थोर शिक्षक



संगणकशास्त्र शिकायला गेलात की डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स हे नाव तुमच्या कानावर येईलच. त्यांचा जन्म १९५१ साली आजच्या झांबियातील लुआंश्या येथे झाला. १९७३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून ते विमान व अवकाश अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढे ॲरिझोनातील किट पीक वेधशाळेत त्यांनी प्रोग्रामर म्हणून नोकरी केली आणि १९८२ मध्ये पीएच.डी. मिळवली.

१९९० पासून त्यांची पुस्तके येऊ लागली. युनिक्समधील पालक आणि अपत्य यांचे नाते त्यांनी त्यांत फार सोपे करून सांगितले. युनिक्समध्ये चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. एखादी प्रोसेस ‘फोर्क’ वापरून आपल्यासारखीच दुसरी प्रोसेस निर्माण करते. पहिली पालक, दुसरी अपत्य. अपत्याचे काम संपले तरी त्याची नोंद लगेच पुसली जात नाही. काम कसे संपले, याची चौकशी पालकाने ‘वेट’ वापरून करायची असते. तोपर्यंत त्या अपत्याला ‘झॉम्बी’ म्हणतात. पालकच आधी संपला, तर पोरक्या अपत्याला सहसा १ क्रमांकाची ‘इनिट’ प्रोसेस दत्तक घेते.

पालक चालू राहिला, पण त्याने चौकशीच केली नाही तर? झॉम्बी साठत जातात, नोंदीची जागा भरते आणि शेवटी नवीन प्रोसेस सुरूच होत नाही. रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरला हे परवडणारे नसते.

स्टीव्हन्स नुसते नियम सांगून थांबत नसत. प्रोग्राम चालवून दाखवत. १९९८ च्या आवृत्तीत त्यांनी पाच अपत्ये जवळजवळ एकाच वेळी संपवून दाखवली. पालकाला मात्र इशारा एकदाच मिळाला आणि चार झॉम्बी उरले! कारण असे इशारे रांगेत साठवले जात नाहीत. म्हणून इशारा एक आला तरी संपलेले एकही अपत्य उरत नाही तोवर ‘वेटपिड’ने पुन्हा पुन्हा चौकशी करावी, हे त्यांनी पटवून दिले.

१ सप्टेंबर १९९९ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २००० साली युजनिक्स संस्थेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला. त्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या पुढे इतरांनी काढल्या.

मित्रांनो, पुस्तकातला नियम नुसता पाठ करू नका. स्वतः करून पाहा, चूक कुठे होते ते शोधा. स्टीव्हन्स यांच्याकडून घ्यावा तो हाच धडा.