झाडूची परीक्षा

आपली मुलं हायस्कूलमध्ये नोकरीची तयारी करू लागली, की मला बुकर टी. वॉशिंग्टन आठवतात. जन्म १८५६ च्या सुमारास, व्हर्जिनियात, गुलामीत. १८७२ मध्ये ते हॅम्प्टनच्या शाळेत पोचले, तेव्हा तिथल्या बाईंनी एक वर्ग झाडायला सांगितला. त्यांनी तो तीनदा झाडला, चारदा फडक्याने पुसला. झाला प्रवेश! पुढे १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगीची शाळा सुरू केली, तिथे विद्यार्थ्यांसोबत विटा पाडल्या. तीन भट्ट्या फसल्या. घड्याळ गहाण टाकून चौथी लावली, ती मात्र जमली. त्याच मुलांनी शाळेच्या इमारती बांधल्या. १९१५ मध्ये ते गेले. हातातलं काम नीट पुरं करणं हेही शिकवावंच लागतं. ते स्वतः झाडूपासून शिकले होते.