चुंबकाने दुखणी पळवणारा डॉक्टर, ज्याच्या नावावरून ‘मेस्मराइज’ हा शब्द आला

गुडघेदुखीसाठी चुंबकाचा पट्टा, कंबरेसाठी चुंबकाची गादी, मनगटात चुंबकाचं कडं. मोबाईल स्क्रोल करताना अशा जाहिराती हमखास दिसतात. घरात आजी नाहीतर काका सांधेदुखीने हैराण असतातच, त्यामुळे एकदा मागवून बघू असं वाटतं. पण चुंबकाने दुखणं जातं का, या वादात सुमारे २४० वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजाला चौकशी समिती नेमावी लागली होती. कारण होता एक डॉक्टर, फ्रान्झ अँटन मेस्मर.

मेस्मरचा जन्म १७३४ चा. आजच्या जर्मनीतल्या कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या इझनांग गावातला. वडील जंगलखात्यात नोकरीला. १७६६ मध्ये त्याने व्हिएन्नात डॉक्टरकीची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता ग्रहांचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम. दोन वर्षांनी एका श्रीमंत विधवेशी लग्न झालं आणि व्हिएन्नाच्या बड्या घरांत त्याची ऊठबस सुरू झाली. मोझार्ट कुटुंबाशीही त्याची ओळख होती.

१७७४ मध्ये त्याने एका तरुण पेशंटला लोह असलेलं औषध पाजलं आणि तिच्या पोटावर आणि पायांवर चुंबक लावले. अंगातून काहीतरी वाहतंय असं तिला जाणवलं आणि त्रास कमी झाला. मेस्मरने यावरून निष्कर्ष काढला की सगळ्या विश्वात एक अदृश्य द्रव भरलाय, तो शरीरात अडला की माणूस आजारी पडतो. पुढे तर त्याने चुंबकही बाजूला ठेवले. नुसता हात फिरवूनही तो द्रव वाहता करता येतो, असा त्याचा दावा होता.

मग आली मारिया थेरेसिया पॅराडिस, लहानपणीच दृष्टी गेलेली पियानोवादक. उपचारांनी तिला थोडं दिसायला लागल्याची चर्चा झाली. पण आईवडिलांनी तिला परत नेलं आणि ती आयुष्यभर अंधच राहिली. या प्रकरणानंतर मेस्मरने व्हिएन्ना सोडलं.

१७७८ मध्ये तो पॅरिसला पोहोचला आणि तिथे अक्षरशः झुंबड उडाली. पाणी, लोखंडाचा कीस आणि बाटल्या भरलेला मोठा लाकडी हौद. झाकणातून बाहेर आलेल्या वाकड्या लोखंडी सळया. पेशंट भोवती बसायचे आणि जिथे दुखतंय तिथे सळई टेकवायचे. मंद संगीत चालू. कुणी रडायचं, कुणाला झटके यायचे, आणि बऱ्याच जणांना खरंच बरं वाटायचं.

प्रकरण इतकं वाढलं की १७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईने समिती नेमली. त्यात होते वीजेवर संशोधन करणारे बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए, खगोलशास्त्रज्ञ बेई आणि ज्याच्या नावाने पुढे गिलोटिन ओळखली गेली तो डॉक्टर गियोतँ. मेस्मरने सहकार्य केलं नाही, म्हणून त्याचा शिष्य देसलाँ याच्या उपचारांची तपासणी झाली.

समितीने साधी युक्ती केली. फ्रँकलिनच्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड देसलाँने ‘भारून’ ठेवलं. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून झाडापाठोपाठ झाडापाशी नेलं. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. पण ते भारलेलं झाडच नव्हतं! इतर पेशंटचंही तसंच. उपचार चालू आहेत असं नुसतं सांगितलं तरी परिणाम दिसायचा, आणि नकळत उपचार केले तर काहीच व्हायचं नाही. म्हणजे द्रव नव्हता, काम करत होता तो विश्वास. आज औषधांच्या चाचणीत पेशंटला कळू न देता तुलना करतात, त्या पद्धतीचं हे सुरुवातीचं मोठं उदाहरण मानलं जातं.

अहवालानंतर मेस्मरची जादू ओसरली. त्याने पॅरिस सोडलं आणि १८१५ मध्ये त्याच सरोवराकाठी, मेर्सबुर्गला तो वारला. त्याच्या पद्धतीतूनच १८४० च्या दशकात संमोहनाचा अभ्यास सुरू झाला.

मग चुंबकीय क्षेत्राचा वैद्यकात उपयोगच नाही का? आहे, पण तो वेगळा. १८३१ मध्ये फॅरेडेने दाखवलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते. याच तत्त्वावर चालणाऱ्या, क्षेत्र सतत चालू-बंद करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत १९७९ मध्ये न जुळणाऱ्या हाडांसाठी मान्यता मिळाली. गुडघ्याच्या संधिवातावर मात्र अशा यंत्रांचे निकाल संमिश्र आहेत. आणि पट्ट्यातला स्थिर चुंबक तर असं बदलतं क्षेत्र तयार करतच नाही. सांधेदुखीवर त्याचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा नाही.

मेस्मरच्या पेशंटचं दुखणं खोटं नव्हतं, आणि त्यांना मिळालेला आरामही खोटा नव्हता. चुकलं होतं ते कारण. त्यामुळे पट्टा बांधून आजीला बरं वाटलं तर तिला हसू नका. फक्त त्या पट्ट्यापायी तिची डॉक्टरांची भेट आणि व्यायाम तेवढे बंद पडू देऊ नका.