जामियाचे शिल्पकार डॉ. झाकिर हुसेन



डॉ. झाकिर हुसेन हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे ते भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून. परंतु राष्ट्रपतिपद त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षे आले. त्यापूर्वी सलग बावीस वर्षे ते दिल्लीच्या एका शिक्षणसंस्थेचे प्रमुख होते. या संस्थेच्या पदवीला इंग्रज सरकारच्या दरबारी मान्यता नव्हती, तिच्या तिजोरीत बहुधा खडखडाट असे आणि तिच्या शिक्षकांचे पगार थकलेले असत. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते मुख्यतः त्या बावीस वर्षांविषयी. आपल्या मुलाला कोणत्या संस्थेत घालावे हा प्रश्न प्रत्येक पालकाला पडतो. संस्था चालविणाऱ्याने पालकांचा हा विश्वास कसा सांभाळावा, हे त्या काळात पाहावयास मिळते.

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हे हैदराबादेतील नामांकित वकील. १९०७ साली वडील गेले, तेव्हा झाकिर अवघा दहा वर्षांचा होता. कुटुंब कायमगंजला परतले आणि मुलांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये ठेवण्यात आले. १९११ साली प्लेगच्या साथीत आईही गेली. म्हणजे चौदाव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला. पुढे आयुष्यभर वसतिगृहातल्या मुलांकडे त्यांचे जे लक्ष असे, त्याचे मूळ मला येथे दिसते. शाळेत असतानाच बाल्कन युद्धातील तुर्की जखमींसाठी टोपी हाती घेऊन त्यांनी वर्गणी गोळा केली होती. ही टोपी पुढे त्यांना फार उपयोगी पडली!

शाळा संपल्यावर ते अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाले. डॉक्टर होण्याचा विचार होता, त्यासाठी ते लखनौलाही गेले. पण प्रकृतीने दगा दिला आणि ते पुन्हा अलीगढला येऊन साहित्य, तत्त्वज्ञान व अर्थशास्त्राकडे वळले. १९१८ साली पदवी मिळाली. १९२० साली ते एम. ए. व कायद्याचा अभ्यास करीत होते आणि त्याच कॉलेजात थोडेफार शिकवीतही होते. समोर सरकारी नोकरीचा राजमार्ग होता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात महात्मा गांधी व अलीबंधू अलीगढला आले आणि सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडा, असे आवाहन त्यांनी विद्यार्थ्यांना केले. अशा वेळी तरुणांची दोन टोकांना धाव असते: काही जण टिंगल करतात, काही जण घोषणा देत बाहेर पडतात. तेवीस वर्षांच्या झाकिरने निराळे केले. तो दिल्लीला गेला, हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी अशा पुढाऱ्यांना भेटला आणि त्यांना एकच गोष्ट विचारली: विद्यार्थी कॉलेजातून बाहेर पडले तर त्यांच्या शिक्षणाची सोय कोण करणार? शब्द मिळाला, तेव्हाच तो परतला. दुसऱ्याच्या मुलाला वाट सोडायला सांगण्यापूर्वी पुढची वाट तयार आहे की नाही हे पाहणारा पुढारी विरळा. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. हकीम अजमल खान तिचे पहिले कुलपती आणि मौलाना मोहम्मद अली पहिले कुलगुरू. सुरुवातीला वर्ग तंबूंत भरत.

दोन वर्षे तेथे शिकवून झाकिर हुसेन १९२२ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात त्यांनी हिंदुस्थानच्या शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. गालिबच्या काव्याची एक देखणी आवृत्तीही त्यांनी बर्लिनच्या एका छापखान्यात काढली आणि त्यासाठी स्वतः खिळे जुळविण्याचे काम केले. हाताने केलेल्या कामाची त्यांना कधी लाज वाटली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती वर्ध्याला उपयोगी पडणार आहे.

इकडे जामियाचे दिवस फिरले. असहकाराची चळवळ ओसरली, १९२४ साली तुर्कस्तानातील खिलाफतच संपुष्टात आली आणि खिलाफत समितीकडून येणारा पैसा आटला. संस्था बंद करावी असे अनेक थोरामोठ्यांचे मत पडले. हकीमसाहेबांनी मात्र १९२५ साली ती दिल्लीच्या करोलबागेत आणली आणि गांधीजींनी प्रसंगी तिच्यासाठी झोळी घेऊन फिरण्याची तयारी दाखविली. ही बातमी जर्मनीत पोहोचली तेव्हा झाकिर हुसेन आणि त्यांचे दोन मित्र, आबिद हुसेन व मोहम्मद मुजीब, यांनी कळविले की संस्था बंद करू नका, आम्ही येत आहोत. १९२६ साली तिघेही परतले. परदेशी शिक्षण घेऊन आलेल्या अशा तरुणांना त्या काळी कोठेही मानाची जागा मिळाली असती. ते उतरले ते बुडत्या होडीत. झाकिर हुसेन एकोणतिसाव्या वर्षी शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले.

डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान यांचे निधन झाले आणि संस्थेचा मोठा आधार गेला. आता उरले होते फक्त शिक्षक. १९२८ साली त्यांनी एक मंडळ स्थापन करून प्रतिज्ञा घेतली: वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. महाराष्ट्रातील वाचकांना येथे पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आठवण होईल; तिचे आजीव सदस्यही, गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखे, अल्प वेतनावर वीस वर्षे देत असत. झाकिर हुसेन स्वतः तर दीडशेच्या मर्यादेहून पुष्कळ कमी वेतन घेत, आणि तेही वेळेवर हाती पडेलच याची शाश्वती नसे. त्यांच्या पत्नी शाहजहाँ बेगम यांनी त्या तुटपुंज्या पैशांत संसार कसा चालविला असेल, हे आपल्या वाचक भगिनींना सांगावयास नको. थोर पुरुषांच्या चरित्रांत या बाजूला दोन ओळीही मिळत नाहीत.

पैशाचा प्रश्न त्यांनी कसा हाताळला हेही पाहण्यासारखे आहे. एखाद्या धनिकाच्या दारी बसून राहण्यापेक्षा हजारो सामान्य माणसांकडून थोडे थोडे घ्यावे, अशी योजना निघाली. हमदर्दाने-जामिया, म्हणजे जामियाचे हितचिंतक, असे तिचे नाव. मोठी देणगी देणारा आपली अट घालतो. थोडी वर्गणी देणारा संस्थेला आपली समजतो. १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे नव्या इमारतीची पायाभरणी झाली. ती करण्यासाठी ना नवाब बोलाविला ना पुढारी. संस्थेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून पहिला दगड बसविण्यात आला.

कुलगुरू असूनही झाकिरसाहेबांचा जीव प्राथमिक शाळेत. लहान मुलांसाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या. अब्बू खान आणि त्याची स्वातंत्र्यप्रिय बकरी ही गोष्ट तर उर्दू वाचणाऱ्या घराघरांत गेली. गेर्डा फिलिप्सबोर्न ही त्यांची बर्लिनमधील ज्यू परिचित १९३३ साली येथे आली आणि लहानग्यांच्या वर्गात रमली. मुले तिला आपाजान म्हणत. १९४३ मध्ये ती वारली, तेव्हा जामियाच्याच कब्रस्तानात तिचे दफन झाले. जामियात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मुलांनी बूट पॉलिश करून यावे अशी सूचना वारंवार देऊनही कोणी ऐकेना. एके सकाळी मुले पाहतात तो फाटकापाशी कुलगुरू पॉलिश आणि ब्रश घेऊन बसलेले! पुन्हा सूचना द्यावी लागली नाही. दुसरी गोष्ट सांगताना हात थबकतो. प्राथमिक शाळेच्या एका समारंभात ते मुलांना मिठाई वाटत असताना शिपायाने त्यांच्या कानात निरोप सांगितला. त्यांची चिमुकली मुलगी रेहाना वारली होती. चेहरा पांढरा पडला, पण मिठाई वाटून होईपर्यंत ते जागेवरून हलले नाहीत. इतक्या मुलांचा आनंद आपल्यामुळे मोडू नये, एवढाच त्यांचा विचार होता, असे सांगतात. घरी धाव घेणारा बापही चुकीचा ठरला नसता, असे मला वाटते. परंतु ते असे होते.

आता वर्ध्याकडे वळू. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. मुलांना सूतकताईसारख्या हस्तव्यवसायातून शिकवावे आणि त्यांच्या कामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. गांधीजींसमोर बहुतेक जण माना डोलावीत. झाकिर हुसेन उठले आणि नम्रतेने पण स्पष्टपणे त्यांनी आपले म्हणणे मांडले. कामातून शिक्षण ही कल्पना चांगली आहे, परंतु नवी नाही. जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी ती मांडली आहे. आणि शाळेने आपला खर्च आपणच भागवावा यावर भर दिला, तर शिक्षक मुकादम होतील व गरिबांची मुले राबविली जातील. हे ऐकून गांधीजींनी काय केले? अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनाच दिले! विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, के. टी. शाह यांसारखी मंडळी त्या समितीत होती. डिसेंबरमध्ये अहवाल तयार झाला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि कामाची जोड हा त्याचा गाभा. खर्च निघाला नाही तरी शिक्षण म्हणून ही योजना स्वीकारावी, असेही समितीने नमूद केले. सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्षपद झाकिरसाहेबांकडेच आले. या योजनेवरून मुस्लिम लीगने त्यांच्यावर कडक टीका केली आणि आपल्याच माणसांचे बोल त्यांना ऐकावे लागले. आपले म्हणणे त्यांनी सोडले नाही.

१७ नोव्हेंबर १९४६ रोजी जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. कलकत्ता, नोआखाली, बिहार येथे कत्तली होऊन गेल्या होत्या, दिल्लीचे वातावरणही तंग होते. अशा वेळी पंडित नेहरू आणि मौलाना आझाद, बॅरिस्टर जीना आणि लियाकत अली खान एका व्यासपीठावर आले. एरवी एकमेकांशी न बोलणारी ही माणसे एका गरीब शिक्षकाच्या निमंत्रणाला मान देऊन आली, हीच त्या वीस वर्षांची कमाई. झाकिर हुसेन यांनी त्यांचे नुसते आभार मानले नाहीत. आग कोणी लावली याचा वाद नंतर घाला, आधी ती विझवा, अशा आशयाची विनवणी त्यांनी दोन्ही बाजूंना केली. आग विझली नाही. पुढच्या वर्षी पंजाबातून रेल्वेने जाताना जालंधर स्थानकावर ते स्वतः मृत्यूच्या तोंडी होते. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी यांच्या धैर्यामुळे वाचले. करोलबागेतील जामियाचे पुस्तकभांडार त्या दंगलीत जाळले गेले.

१९४८ साली वीस वर्षांची प्रतिज्ञा पूर्ण झाली. विश्रांतीचा हक्क त्यांना होता. पण त्याच नोव्हेंबरात ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेकडे पाठ फिरविली, तीच आता अडचणीत होती. कित्येक प्राध्यापक पाकिस्तानात गेले होते आणि राहिलेल्यांकडे देश संशयाने पाहत होता. झाकिरसाहेबांनी जुने हिशेब काढले नाहीत. त्यांनी शिक्षक मिळविले, विद्यार्थ्यांना धीर दिला, बागेत गुलाब आणि बोगनवेली लावल्या. हृदयविकाराचा त्रास सुरू झाला, तरी १९५६ पर्यंत त्यांनी तो भार वाहिला.

पुढची चढण आपणास ठाऊक आहे: १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. ज्या संस्थेच्या पदवीला एकेकाळी मान्यता नव्हती, तिला १९६२ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९८८ च्या कायद्याने ती केंद्रीय विद्यापीठ झाली. हा दुसरा दिवस पाहायला झाकिरसाहेब नव्हते. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. राष्ट्रपती भवनातून त्यांचा जनाजा ओखल्याला नेण्यात आला आणि जामियाच्या आवारातच त्यांना माती देण्यात आली.