मोडण्यासाठी शहर बांधणारा माणूस

माझे वडील गवंडीकाम करतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मोबाइलवर ‘गोजिरा’ हा १९५४ सालचा जपानी चित्रपट पाहत होते. समुद्रातून वर आलेला एक अजस्र प्राणी टोकियो शहर तुडवीत चालला होता. वडील शेजारी येऊन बसले. त्यांचे लक्ष त्या राक्षसाकडे नव्हते, ते पडणाऱ्या भिंती पाहत होते. घरे जर खेळण्यातली, तर भिंत खऱ्या भिंतीसारखी इतकी सावकाश कशी ढासळते, असे त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. चौथी शिकलेल्या बापाचा प्रश्न बी. ए.च्या मुलीला सुटू नये, याची मनोमन लाज वाटली. त्या उत्तराच्या शोधात मला एक विलक्षण माणूस भेटला. त्याचे नाव एइजी त्सुबुराया.

त्यांचा जन्म जुलै १९०१ मध्ये जपानच्या फुकुशिमा प्रांतातील सुकागावा या गावी झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी आई गेली. आजीने सांभाळ केला. १९१० मध्ये जपानच्या आकाशात पहिले विमान उडाले आणि या पोराला विमानांचे वेड लागले. वर्तमानपत्रातली चित्रे पाहून तो लाकडाची विमाने करी. पुढे वैमानिक होण्यासाठी त्यांनी टोकियोजवळच्या विमानशाळेत नावही घातले. परंतु १९१७ मध्ये शाळेचा संस्थापकच विमान अपघातात दगावला आणि शाळा बंद पडली. मग त्यांनी विजेच्या तंत्राचे शिक्षण घेतले. खेळण्यांच्या कारखान्याला नवनव्या खेळण्यांच्या कल्पना देऊन पैसे मिळवले. १९१९ मध्ये ते चित्रपटधंद्यात शिरले आणि कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

१९३३ मध्ये ‘किंग काँग’ हा अमेरिकन चित्रपट त्यांनी पाहिला. पाहणारे पुष्कळ होते, पण यांनी त्याची प्रत मिळवली आणि एकेक चौकट तपासून, हे कसे केले असेल याचा छडा लावला. शिकवायला कोणी गुरू नव्हता. चित्रपट हाच गुरू झाला.

यापुढचा भाग लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळते. युद्धकाळात त्सुबुराया ‘तोहो’ कंपनीत होते. १९४२ मध्ये नौदलाच्या पाठिंब्याने हवाई ते मलाया या सागरी युद्धावर एक प्रचारपट निघाला. त्यासाठी त्यांनी पर्ल हार्बर बंदराची हुबेहूब लहान प्रतिकृती उभारली आणि तिच्यावर बाँबहल्ला चित्रित केला. लहानपणी ज्या हातांनी हौसेने विमाने केली, त्याच हातांनी आता लढाईचा डंका वाजवणारी विमाने केली. युद्ध हरल्यावर त्याची किंमत द्यावी लागली. १९४८ मध्ये प्रचारपटांमुळे त्यांना कंपनी सोडावी लागली. घरीच छोटी प्रयोगशाळा थाटून त्यांनी दिवस काढले आणि नंतर ते ‘तोहो’त परतले.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांतला बिनतारी यंत्र चालवणारा खलाशी सप्टेंबरमध्ये मरण पावला. याच वर्षी निर्माते तोमोयुकी तानाका यांच्या मनात बाँबने जागा झालेल्या प्राण्याची कल्पना आली. दिग्दर्शन इशिरो होंडा यांच्याकडे आले. युद्धावरून परतताना त्यांनी हिरोशिमाचे अवशेष डोळ्यांनी पाहिले होते. प्राण्याचे नाव गोरिला आणि व्हेल (जपानीत ‘कुजिरा’) या दोन शब्दांच्या जोडणीतून आले. त्याला पडद्यावर जिवंत करण्याचे काम त्सुबुराया यांचे.

‘किंग काँग’प्रमाणे बाहुली कणाकणाने हलवून चित्रण करावे, अशी त्यांची इच्छा होती. पण त्याला काही वर्षे लागली असती आणि हाताशी होते काही महिने. तेव्हा माणसालाच राक्षसाचा पोशाख चढवायचे ठरले. पहिला पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा झाला. हारुओ नाकाजिमा हा नट त्यात घामाने निथळत चाले. शहर सुमारे १/२५ मापाने बांधले गेले. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामड्याचा हातमोजा एका मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर ओढून त्याची डरकाळी तयार केली.

आणि वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच सापडले. लहान भिंत कमी उंचीवरून पडते म्हणून लवकर पडते. त्सुबुराया कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने फिरवत आणि ते चित्रण पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवत. मग पडणे लांबते आणि वीतभर भिंतीला वाड्याच्या भिंतीचे वजन येते.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि सुमारे ९६ लाख लोकांनी तो पाहिला. १९४२ च्या चित्रपटात बाँब वरून, विमानातून दिसतो. १९५४ मध्ये तोच विनाश खालून दिसतो. पोरांना कुशीत घेऊन भिंतीशी बसलेली एक आई त्यात आहे. ती मला अजून विसरता येत नाही. त्सुबुरायांच्या मनात पश्चात्ताप होता की नव्हता, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण दोन्ही चित्रपट एकाच माणसाच्या हातचे आहेत, एवढे खरे.

१९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९६६ मध्ये तिने दूरचित्रवाणीवर ‘अल्ट्रामॅन’ आणला आणि जपानची मुले वेडी झाली. २५ जानेवारी १९७० रोजी, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गोजिरा मात्र राहिला. मार्च २०२४ मध्ये त्याच्यावरील एका नव्या चित्रपटाला दृश्य-करामतींसाठी ऑस्कर मिळाले.

सुट्टी संपण्याआधी मी हे सारे वडिलांना सांगितले. कॅमेऱ्याची युक्ती त्यांना लगेच कळली. युद्धाच्या चित्रपटाबद्दल ऐकून मात्र ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की गवंड्याला काम सांगतील ते बांधावे लागते, पण आपण काय बांधतो आहोत हे त्याला ठाऊक असते. वर्गात आम्ही कला आणि कलावंताची जबाबदारी यावर टिपणे उतरवून घेतली आहेत. त्या टिपणांच्या शेवटी मी वडिलांचे हे म्हणणे लिहून ठेवले आहे.