तुकोबारायांची कर्जखते

तुकोबाराय म्हटले की आम्हां वारकऱ्यांच्या डोळ्यांपुढे वीणा, टाळ आणि भंडाऱ्याचा डोंगर उभा राहतो. तागडी धरून दुकानात बसलेला, उधारी वसूल होईल की नाही या घोरात रात्र काढणारा वाणी सहसा आठवत नाही. पण महाराजांची उमेदीची वर्षे त्या दुकानात गेली, आणि पेरणी करून आभाळाकडे पाहत दिंडीला निघणाऱ्या आम्हां माणसांना तो वाणीच जवळचा वाटावा असा आहे.

महाराजांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ चा, असे बहुतेक मानतात. घर खाऊनपिऊन सुखी होते. देहूची महाजनकी, शेती, दुकान, सावकारी, आणि पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेली पंढरीची वारी. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून वडील बोल्होबांनी प्रपंचाचा भार मधल्या मुलावर टाकला. तेव्हा महाराज तेरा वर्षांचे होते म्हणतात. पहिली पत्नी रखमाई दमेकरी, म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाई घरात आली. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

सतराव्या वर्षी आईवडील गेले. वर्षभरात भावजय गेली, आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले ते गेलेच. त्यावर १६३०-३१ चा दुष्काळ आला. हा दुष्काळ लहान नव्हता. दख्खन आणि गुजरात दोन्ही त्यात होरपळले आणि शहाजहान बादशहाच्या दरबारी इतिहासकारालाही तो नोंदवावा लागला. त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. धान्य महाग झाले, मग मिळेनासे झाले. रखमाई अन्नावाचून गेल्या. पाठोपाठ मुलगा संतोबा गेला. दुकानाचं दिवाळं निघालं. चारचौघांत मान खाली घालायची पाळी आली. पुन्हा धंदा करून पाहिला, तोही बुडाला.

अशा वेळी माणूस काय करतो? हाताशी उरलेलं घट्ट धरतो. महाराजांच्या हाताशी उरली होती ती लोकांनी लिहून दिलेली कर्जखते. दुष्काळ सरला की आज ना उद्या त्यांतले काही वसूल होणारच होते. घरात तेवढाच काय तो आधार.

महाराजांनी आधी पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले. एकादशीला कीर्तन सुरू केले आणि स्वतः मागे उभे राहून ध्रुपद धरू लागले. मग ती खते काढली. धाकटे बंधू कान्होबा यांना निम्मी वाटून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली.

ही निम्मी वाटणी कथेकरी भराभर सांगून पुढे जातात. आम्हांला तिथे थांबावेसे वाटते. उद्याची खात्री सोडायची ती स्वतःच्या वाट्याची. भावाच्या वाट्याची सोडण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे त्या तरुण वाण्याला पक्कं ठाऊक होतं. त्या कागदांच्या दुसऱ्या टोकाला दुष्काळाने नागवलेली कुळेच होती, तीही त्या दिवशी मोकळी झाली. मात्र जिजाईंना कुणी वाटणी विचारली नाही. त्यांचा वाटा महाराजांच्याच वाट्यात धरला गेला आणि नदीत गेला. महिपतीबुवांनी १७७४ च्या भक्तलीलामृतात त्यांचा त्रागा पुष्कळ रंगवला आहे आणि कीर्तनात त्यावर हशा पिकतो. तो हशा आम्हांला रुचत नाही. चूल त्यांना पेटवायची होती. पोरांच्या ताटात काय वाढायचं हा प्रश्न घेऊन त्या डोंगर चढून नवऱ्याला भाकरी पोचवीत होत्या.

त्याच इंद्रायणीत पुढे एकदा महाराजांचे कागद बुडाले. वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या आक्षेपामुळे अभंगांच्या वह्या पाण्यात गेल्या. कर्जखते सोडताना महाराजांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. या वेळी मात्र ते देवाच्या दारात शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले. आपलं केलेलं देवाला मान्य आहे की नाही, हे त्यांना कळेना. पैशाची अनिश्चितता ज्याने हसत पत्करली त्याला ही सोसवली नाही. आम्हांला यात महाराजांचा कमीपणा दिसत नाही. त्यांनी जीव कशात ठेवला होता ते दिसते. वह्या कोरड्या निघाल्या हे सर्वश्रुतच आहे. रामेश्वरभट पुढे महाराजांचेच झाले.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, महाराज वैकुंठाला गेले. जिजाई तेव्हा गरोदर होत्या. घरात धनी नाही, गाठीला पैसा नाही, आणि पोटात मूल. ते मूल म्हणजे नारायणबाबा. त्यांनी वडिलांना कधी पाहिलं नाही. १६८५ साली त्यांनीच महाराजांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि आळंदीहून ज्ञानोबारायांच्या पादुका बरोबर घेऊन पंढरीची वाट धरली.